सुताचा रंग

सोसायटीत त्रेचाळीस मच्छीमार, चाळीस फोन.
अडतीस एका कंपनीच्या कुळातले,
दोन दुसऱ्या:
एक अध्यक्षांचा, पोरानं पुण्याहून पाठवलेला,
एक डुलीचंद नान्ह्यांचा,
ज्याची काच फुटून फुटून जाळं झालीय.

"ओमेश्वरी, तू शिकलीस ना,
वजनाचा हिशोब फोनात दिसन असं कायतरी कर."
मी हो म्हटलं.
रोहू किती, कतला किती, मरळ कोणाची.
आठ दिवसांचं काम.

रात्री तलावाच्या पाळीवर बसते,
तिथेच सिग्नलच्या दोन दांड्या उभ्या राहतात.
मांडीवर लॅपटॉप,
ताप आलेल्या लेकरासारखा.

पहिल्या कंपनीचा निरोप आला:
ऑगस्टच्या आत नव्या नियमांत बसवा,
नाहीतर तुमचं ॲप दुकानातून उतरवू.
आमच्या गावात एकच दुकान, हेमराजचं.
त्यानं अजून कोणाला उतरवलं नाही,
उधारी असली तरी.

दुसरी म्हणाली,
आमच्या फोनासाठी आमचंच यंत्र घ्या,
आमच्याच अवजारांनी घडवा,
वर्षाचं भाडं डॉलरात.
दोन फोन!
डुलीचंदकाकांना नवा फोन घेऊन देणं
याच्यापेक्षा स्वस्त पडतं.

तिसरी मध्यस्थ होती:
एकदाच लिहा, दोन्हीकडे चालेल.
वर्षभर तिच्याच अवजारांची बोटांना सवय लावली.
मंगळवारी पत्र:
प्रिय डेव्हलपर, हा प्रवास आम्ही इथेच थांबवत आहोत.
प्रिय.

बाबा शेजारी जाळं शिवत होते,
हातात बांबूची सुई, दातात सूत.
"का झाला, बाई?"
सांगितलं, जमेल तसं.
ते बराच वेळ शिसाच्या गोळ्या चाचपत राहिले.

"तू पाळन्यात होतीस तवाची गोष्ट.
गोंदियाचा ठेकेदार आला,
त्यानं निळी जाळी फुकट देल्लन.
मंग रायपूरवाला आला, त्यानं हिरवी.
निळ्या जाळ्याची मासोरी हिरव्यावाला घे नाही.
निळं फाटलं त निळ्याच सुतानं शिवा,
सूत त्याच्याच जवळ, भाव त्याचाच.
दोघं भांडत होते.
आमाले वाटे, बरं हाय, भांडू द्या, भाव वाढन.
भाव तेवढाच राह्यला.
आमचे हातच वाटल्या गेले."

मग?

"मंग का.
दिवसा त्याइची जाळी.
रातच्यानं तुह्या आज्याचं सनाचं.
लहान, जड, भिजलं का उचलत नसे.
पन त्याचा डोळा मी ठरवलो: दोन बोटं.
बारीक पिल्लू निघून गेलं पायजे."

मला यातून बोध काढायचा नव्हता.
बोध काढला की तोही
कोणाच्या तरी दुकानात मांडावा लागतो.
फक्त पाहिलं,
बाबांच्या मांडीवरचं जाळं निळं होतं
आणि सुईतलं सूत हिरवं.

ग्रामपंचायतीनं टाकून दिलेला एक संगणक
झटकून पुसून सोसायटीत ठेवला.
मला आवडते त्या भाषेत लिहिलं.
ॲप नाही. साधा मेसेज,
कोणत्याही फोनवर, बटणांच्याही.
ज्या तिघांकडे फोनच नाही
त्यांच्यासाठी दारावरच्या पाटीवर खडूनं.

अध्यक्ष म्हणाले, "सगळं ठीक हाय, पन याचं चित्र कुठं हाय?
दाबाचं काय?"

आणि मेसेजवाली कंपनी म्हणाली,
मजकूर आधी आमच्याकडून मंजूर करून घ्या.
'मरळ' या शब्दाला अकरा दिवस लागले.
म्हणजे सनाचं जाळंसुद्धा
शेवटी कोणाच्या तरी पाण्यातच पडतं.

काल पहिला मेसेज गेला.
डुलीचंद नान्हे: रोहू दोन किलो, मरळ साडेतीन.
फुटक्या काचेतून काकांनी तो तीनदा वाचला,
फोन खिशात घातला,
पुन्हा काढला
आणि म्हणाले,
"मरळ चार होती."